मी नाही, मासा म्हणतो

मीनू, तू तिकडं पुण्यात आणि मी इकडं, तरी कागदावर का होईना, जरा जवळ सरकून बस. आधी बोलणी खा, मग गोष्ट. दिवाळीला आलीस ती एक पाय दाराबाहेर ठेवूनच. अनारसा अर्धा खाल्लास, अर्धा ताटात टाकून बसस्टँड गाठलंस. आणि परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, नोकरी लागली. कारखान्यातून सोडलेलं पाणी विषारी आहे का ते तपासायचं. तुला नाही कळायचं."

न कळायला काय झालं गं? तू पाळण्यात पाय झाडत होतीस तेव्हा हे काम माझ्या घरात, गव्हाच्या खोलीत चालायचं. तुझ्याकडं यंत्र असेल, त्यावर आकडे उमटत असतील. आमच्याकडं अंबादास मास्तर होते. तुझ्या यंत्राला मी नावं ठेवत नाही, पण मास्तर ऐकून घे, मग यंत्राचं बटण दाब.

मास्तर आमच्या घरी भाड्यानं राहायचे. उंच, काटकुळे. सायकलीवर बसले की सायकल लेकराची वाटायची. गळ्यात माळ, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. पाथरीला शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झालेली. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं असलं काम. तिथं बेडूक कापायचा तास असला की मास्तर बेडूक टेबलावर ठेवायचे आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. आत बोलावलं तर म्हणायचे, "झालं का बिचाऱ्याचं?"

असा माणूस कारखान्यात केमिस्ट कसा झाला? कोटामुळं. आमच्या गावाच्या वर दीड कोसावर, ओढ्याच्या काठी, कपडे धुवायच्या साबणाचा कारखाना निघाला होता. केमिस्ट पाहिजे होता. औरंगाबादहून शिकलेली पोरं यायची, आपल्याकडचा उन्हाळा बघायची आणि आल्या गाडीनं परत जायची. मास्तर मुलाखतीला स्वतःचा पांढरा कोट घालून गेले. मॅनेजरनं कोट खालीवर बघितला आणि विचारलं, "उद्यापासून येता का?" बास. एवढीच मुलाखत.

मास्तरांचं एक पालुपद होतं. "मी न्हाई म्हणत, अमुक म्हणतं." आमटी खारट झाली तर म्हणायचे, "वहिनी, मी न्हाई म्हणत, जीभ म्हणते." तुझे मामा, म्हणजे आमचे हे, सायकल मागायला गेले की, "देईन हो, पण मी न्हाई म्हणत, टायर म्हणतो." स्वतःच्या अंगावर काही घ्यायचंच नाही असं आम्हाला वाटायचं आणि आम्ही हसायचो. त्यात काय आहे ते मला लय उशिरा कळलं.

आता ओढ्याचं ऐक. कारखान्याचं पाणी नळीतून ओढ्यात पडायला लागलं आणि पहिल्या आठवड्यात गावातल्या बाया काय खूश! ओढ्याला फेस. धुणं नुसतं बुडवायचं, आपटायचं, साबणाचा खर्चच नाही. आमच्या शेजारची पारूबाई तर म्हणाली, "सरकारनं पयल्यांदा बायांचं काम केलं बघ." दुसऱ्या आठवड्यात तिच्याच हाताची सालटं निघाली. मग बेडकं पोट वर करून तरंगायला लागली. आमची चांदी म्हैस ओढ्याला पाणी प्यायची, तिचं पोट असं काही बिघडलं की गोठ्यात कोणी पाय ठेवीना. लोकांनी दरखास्त दिली. परभणीहून साहेब आले, नळीच्या तोंडात लाकडी गुडदीचं बूच ठोकून लाखेचा शिक्का मारला आणि एक कागद देऊन गेले.

तो कागद मास्तरांनी आमच्या ओसरीवर वाचून दाखवला. "वहिनी, दहा मासे घ्यायचे. कारखान्याच्या निव्वळ पाण्यात सोडायचे, वरून थेंबभर चांगलं पाणी घालायचं न्हाई. शहाण्णव तास, म्हणजे चार दिवस. त्यातले नऊ जिवंत राह्यले तर शिक्का निघंल, नळी उघडंल. न्हाई तर न्हाई."

"दहातले नऊ?" तुझे मामा म्हणाले.

"नव्वद टक्के. आमच्या शाळेत पस्तीसला पास होतेत." मास्तरांनी चष्मा पुसला. "लेकरांकडून एवढी अपेक्षा कोणी केली न्हाई."

सुरुवातीला परीक्षा कारखान्यातच घेतली. तिथली प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचं शेड. वैशाखाचे दिवस. शेजारी साध्या पाण्याच्या टाकीतसुद्धा दहा मासे सोडावे लागतात, ते जगले तरच परीक्षा खरी धरायची. तर दुपारी तीन वाजेपर्यंत साध्या पाण्यातलेही गेले आणि साबणातलेही. मास्तर संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडून. "वहिनी, पत्र्यानं दोन्ही वर्ग नापास केले. तुमची गव्हाची खोली गार असते. मिळंल का?"

आपल्या माळवदाच्या खोलीत वैशाखातही पांघरूण लागायचं, तुला माहीत आहे. मी गव्हाची पोती एका कडेला लावली आणि मास्तरांनी खिडकीच्या काचा जोडून दोन टाक्या बनवल्या. एकीवर खडूनं लिहिलं 'साधे', दुसरीवर 'परीक्षार्थी'. प्रत्येकीत एकेक दगड ठेवला. "बसायला-उठायला काही आसरा नको का त्यांना?" पाण्यात हवा राहावी म्हणून तासा-तासाला सायकलचा पंप नळीनं पाण्यात सोडून दहा वेळा मारायचा. मास्तर दिवसा कारखान्यात, म्हणून दुपारचा पंप माझ्याकडं आला. स्वयंपाक, गोठा आणि माशांना हवा.

मासे गोदावरीच्या भोयाकडून आणायचे. आयुष्यात कधी मासळीच्या वासाला न थांबलेला हा माणूस नाकाला उपरणं लावून भोयापुढं उभा राहायचा आणि म्हणायचा, "एकाच मापाचे द्या. एकाच वयाचे, एकाच घरचे. अंगावर जखम नको, स्वभाव शांत पाहिजे."

भोई म्हणायचा, "मास्तर, खायाचेत का लग्न जमवायचंय?"

एकदा कळशीत मासे घेऊन मास्तर एस. टी.त बसले. तोंडावर ओला रुमाल, आणि दर पाच मिनिटांनी रुमाल सारून हातानं पाणी ढवळायचं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुठून यायलात बाबा?" मास्तर म्हणाले, "गंगेवरून." आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यात खोटं काही नाही. पण म्हातारीनं गळ्यातली माळ बघितली, कळशी बघितली, डोळे मिटून हात जोडले आणि मास्तर हां-हां म्हणेपर्यंत रुमालाखालून ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं. दुसऱ्या क्षणी गाडीत किंकाळी. "अगं बया, तीर्थात जीव हाय!" ओंजळीतला मासा कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीत. मास्तर सीटखाली गुडघ्यावर. सगळी गाडी मासा शोधायला. कंडक्टरनं पेटी उपडी केली, मासा सापडला, कळशीत गेला, मग कंडक्टरनं शांतपणे पंच वाजवत विचारलं, "मास्तर, ह्यांचं तिकीट?"

"पाच वर्षांच्या आतले हायेत सगळे," मास्तर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मासे टाकीत सोडले, टाकीपुढं हात जोडून हळूच म्हणाले, "माफ करा, हुकूम हाय," आणि शाळेतून आणलेलं जुनं हजेरीपुस्तक उघडलं. रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी. एक, हजर. दोन, हजर. नावं नाही ठेवायचे. म्हणायचे, नाव ठेवलं की पुढं 'गैरहजर' लिहवत नाही. मासे तर सगळे सारखेच दिसायचे, पण दर खेपेला एक मासा दगडामागं लपून बसायचा आणि मोजताना सापडायचा नाही. त्याला मास्तरांनी सात नंबर दिला होता. "सात नंबर! सात नंबर कुठंय? बाहेर ये बाबा, तुला कोणी फळ्यापाशी बोलवत न्हाई." आणि तो आला की त्यांचा चेहरा असा फुलायचा, सख्खा नातू आल्यासारखा.

घरातल्या पहिल्या परीक्षेत साध्या पाण्यातले दहाही तुरुतुरु फिरत राहिले. परीक्षार्थी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आडवे. मास्तरांनी दहा वेळा 'गैरहजर' लिहिलं, दर वेळी टाक दौतीत बुडवून. त्या दिवशी जेवले नाहीत. मॅनेजर जीपमधून आमच्या दाराशी आला, म्हणाला, "साबणाचं पाणी आहे हो, साबणानं कोणी मरतं का? दुनिया साबणानं स्वच्छ होते! तुमचे मासेच नाजूक."

"मी न्हाई म्हणत साहेब, मासा म्हणतो."

"मग दुसरा मासा आणा, जो वेगळं म्हणेल!"

आणि त्यानं स्वतःच आणला. दहा मरळ, हातभर लांब. मरळ म्हणजे काय चीज, पाण्याबाहेर चिखलात टाकली तरी दिवसभर तोंड वर करून हवा खात पडून राहते. टाकीत दोन मावेनात. एकीनं शेपटीचा असा तडाखा दिला की मॅनेजरच्या शर्टाची इस्त्री गेली. मास्तर म्हणाले, "साहेब, मी दहावीचा पेपर घ्यायलोय, तुमी पहिलवान आणलेत. यांना साबणात काय, डांबरात सोडलं तरी पास होतील." मरळ परत गेल्या. कुठं गेल्या ते विचारू नको, पण त्या रात्री कारखान्याच्या गेस्ट हाऊसात म्हणे रस्सा झकास झाला होता.

असा खेळ सात-आठ महिने चालला. कारखान्यानं एक खड्डा खणला, त्यात पाणी साठवलं, वर चुना भुरभुरला आणि म्हणायला लागले, आता पाणी सुधारलं. नवी परीक्षा संक्रांतीच्या तोंडावर ठरली. या खेपेला मॅनेजर जाताना दारात थांबला आणि माझ्यादेखत म्हणाला, "मास्तर, ह्या वेळी नापास झालं तर कोट घडी करून ठेवा."

मास्तर नुसते हसले. पण मी मनातल्या मनात हिशेब मांडला. त्यांची बायको कधीच गेलेली, एक लेक पालमला दिलेली. नोकरी गेली तर खोली सोडणार, मग ह्या वयात जाणार कुठं? आणि त्याच दुपारी मी पंप मारायला गेले तर परीक्षार्थी पाण्याच्या वर तोंड काढून अशी उघडझाप करायलेत, अशी उघडझाप... मीनू, कागदावरचे मासे वेगळे आणि डोळ्यांपुढचे वेगळे. सात नंबर दगडाला टेकून तिरपा झाला होता.

मी केलं. मी म्हणजे मीच, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. साबणाचं पाणी बादलीनं उपसून मोरीत ओतलं आणि आडाचं गार पाणी भरलं. मासे दोन मिनिटांत सरळ! मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना कणकेच्या चार गोळ्याही घातल्या. मग ध्यानात आलं, संध्याकाळी मास्तर बघतील, पाणी काचेसारखं नितळ. म्हणून तांदळाचं धुवण घातलं, तसाच गढूळ रंग आला. मास्तर रोज सकाळी कारखान्याहून आणलेल्या कॅनमधलं ताजं पाणी टाकीत भरायचे, त्यांची सायकल गल्ली वळली की मी पुन्हा बदलायची. तीन दिवस असं.

पण चौथ्या दिवशी सकाळी ते टाकीपुढं बसून पुटपुटले, "संध्याकाळच्याला फेस दिसत न्हाई आताशा." आता आली पंचाईत. फेस कुठून आणू? संक्रांतीच्या न्हाणासाठी रिठे भिजत घातलेले होते. रिठ्याला काय फेस येतो तुला सांगायला नको. मी भांडंभर रिठ्याचं पाणी टाकीत ओतलं, रवीनं जरा घुसळलं. असा सुरेख फेस आला की कारखान्याच्या साबणालाही कधी आला नसेल.

संध्याकाळी शेवटची हजेरी. मास्तरांनी मोजलं. एक ते सहा हजर. आठ, नऊ, दहा हजर. सात नंबर दगडामागं होता, आडवा. कितीतरी वेळ मास्तरांनी त्याला हाका मारल्या.

"सात, गैरहजर." मग त्यांनी आकडा केला. "नऊ. वहिनी, दहापैकी नऊ. काठावर पास." त्यांना आनंद झाल्यासारखा वाटेना, गोंधळल्यासारखे वाटले. "खड्ड्यानं एवढं काम करावं असं वाटलं नव्हतं. पण मी कोण म्हणणारा? मासा म्हणतो." आणि सही केली. मॅनेजरची जीप तो कागद घेऊन तशीच परभणीला गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तिळगुळाचा डबा आला. सोमवारी नळी उघडायची ठरली.

मी खुशीत होते. दहातले नऊ जीव वाचले, मास्तरांची नोकरी वाचली, वर तिळगूळ. ओढ्याचं काय, ते बघायला सरकार आहे, एवढीच माझी अक्कल.

मास्तर टाकी धुवायला बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. तळहात पुढं केला. त्यावर एक काळं, गोल, चकचकीत बी.

"वहिनी, हा रिठा कुणाचा? दगडामागं होता. सात नंबरपाशी."

मी भाकरी तव्यावरच ठेवून सगळं सांगितलं. लपवायचं काय, मला तर वाटत होतं शाबासकी मिळेल. "मी तुमाला पास केलं मास्तर," असंच म्हटलं बघ.

ते उंबऱ्यावर खाली बसले. बी बोटांत फिरवत राहिले. भाकरी जळली. मग म्हणाले, "रिठ्यानं मासे मरतेत, वहिनी. जुने लोक डोहात रिठा कुटून टाकायचे मासे धरायला." तेवढ्यात मला रडू फुटलं. सात नंबर मीच मारला. साबणात मरायलेला म्हणून वाचवला आणि शिकेकाईच्या शेजारच्या डब्यातल्या वस्तूनं मारला.

"रडू नका. ते राहू द्या." आवाज चढला नाही त्यांचा. "तुमची चांदी पाणी कुठं पिते?"

"ओढ्यावर."

"सोमवारी नळी उघडणार हाय." मग बी उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "मला खोटं बोलता येतं, मॅनेजरला येतं, साहेबाला येतं. माशाला येत न्हाई, म्हणून त्याला विचारायचं ठरलंय. तुमी त्याच्या तोंडी खोटं घातलंत, वहिनी."

मला कोणी चापट मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांचं 'मी न्हाई म्हणत' मला त्या दिवशी कळलं. अंगावरची जबाबदारी झटकायला नव्हतं ते म्हणत. मध्ये आपण यायचं नाही, एवढंच.

तिथंच बसून त्यांनी अर्ज लिहिला. शाळेची जबान ती, सुटते कशाला? 'सदर परीक्षेत कॉपी झाल्याचे निदर्शनास आल्याने निकाल रद्द समजावा.' मग कागद माझ्यापुढं ठेवला. "साक्षीदार पाहिजे."

मीनू, मी शाळेची पायरी चढले नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाच्या पाटीवरून अक्षरं चोरून शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून जोडाक्षरं शिकले. तोवर कुठं सही करायची वेळच आली नव्हती. सरकारी कागदावर माझी पहिली सही झाली ती अशी: 'पाणी मीच बदलले. रिठा माझाच.' आणि खाली नाव. वेलांटी ओळीच्या बाहेर गेली. मास्तर बघून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय. उगाच चूल सांभाळत बसलात."

सोमवारला दोनच दिवस होते आणि गाड्या बंद. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तेच दिवस. पाथरीत दुकानं अर्धी उघडी, एस. टी. डेपोतच उभ्या. चौकात माणसांचे घोळके. तुझे मामा म्हणाले, "मास्तर, दोन दिवस थांबा, गाड्या सुरू होतील." मास्तर पँटीला क्लिपा लावत होते. म्हणाले, "जे खरं हाय ते कागदावर यायला पंधरा-सोळा वर्षं लागतेत, बघायलोयच आपण. माझा कागद लहान हाय. सायकलीवर जाईल."

'साध्या' टाकीतले दहा मासे कळशीत घेऊन कळशी हँडलला, कारखान्याच्या पाण्याचा डबा मागं कॅरेजला. मानवत रोड स्टेशनपर्यंत सायकल हाणत गेले, तिथून रेल्वेनं परभणी. वाटेत दर मैलाला उतरून पाणी ढवळायचे म्हणे. पोलिसांनी एका ठिकाणी अडवलं, कळशीवरचा रुमाल काढायला लावला, आत बघितलं आणि एकमेकांकडं बघत राहिले. "जाऊ द्या," एक म्हणाला, "ह्याला काही विचारू नका."

साहेबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. निकाल आला, फाइल झाली, आता काय? तेव्हा मास्तरांनी साहेबांच्या टेबलावरचे काचेचे दोन जग उचलले. एकात डब्यातलं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हींत पाच-पाच मासे सोडले आणि समोरच्या बाकावर बसले. "साहेब, मी काही म्हणत न्हाई. तुमी तुमचं काम करा. अधूनमधून बघा फक्त."

आता सांग, समोर मासे असल्यावर कोणाचं फायलीत लक्ष लागेल? दुपारपर्यंत कारकून टेबलाभोवती, शिपाई चहा घेऊन तिथंच. चार वाजता साहेब स्वतः उठून मोजायला लागले, "एक... दोन... अरे, तिसरा हलला का?" पाच वाजता डब्याच्या पाण्यातले तीन आडवे. साहेबांनी पाणी प्यायला जग मागितला, मग आठवलं आणि हात मागं घेतला. दिवे लागायच्या आत कागद निघाला. नळी बंदच राहणार. एका खड्ड्यानं भागणार नाही, नीट तीन हौद बांधा आणि पुन्हा परीक्षा द्या.

मॅनेजरनं मास्तरांना बोलावलं. "तुम्ही मुलाजिम कोणाचे? कारखान्याचे का माशांचे?"

"पगार तुमचा, साहेब. सही माझी."

कोट घडी झाला. पण मास्तर कुठं गेले नाहीत. तुझ्या मामांनी भाडं घेणं बंद केलं, मास्तरांनी आमच्या चांदीला चारा-पाणी घालणं सुरू केलं. चार महिन्यांनी हौद बांधून झाले आणि जीप पुन्हा दारात. औरंगाबादहून आणलेला नवा केमिस्ट भोयाच्या होडीतून पाण्यात पडून तापानं फणफणला होता, आणि कागदात साहेबांनी लिहिलं होतं, परीक्षा पूर्वीच्याच मास्तरांनी, पूर्वीच्याच खोलीत घ्यावी. मॅनेजर आमच्या ओसरीवर बसून दोन कप चहा प्याला तरी त्याच्या तोंडून 'या' निघेना. शेवटी मास्तरच म्हणाले, "कोट धुवून ठेवलाय मी. तुमच्याच साबणानं."

ह्या खेपेला मास्तरांनी गव्हाच्या खोलीला कुलूप लावलं. मला वाटलं, बरोबर आहे, माझ्यासारखीचा काय भरवसा. तर किल्ली त्यांनी माझ्याच हातात ठेवली.

"मास्तर, चोराकडं?"

"चोर कसले? त्यांच्यासाठी तुमच्याइतका जीव कुणाचा तुटतो? ज्याला मोह होतो त्यानंच राखण करावी. दुपारचा पंप मारा, दुसरं काही न्हाई."

ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. पंप मारून मी बाहेर यायची, कुलूप लावायची आणि दाराला पाठ लावून बसायची. दुसऱ्या दिवशी एक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. आड दहा पावलांवर. बादली भरलेली. चांदी गोठ्यातून माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. मी पदराचा शेव हाताला गुंडाळून बसून राहिले. घरातले सगळे रिठे आधीच पारूबाईकडं नेऊन दिले होते.

चौथ्या दिवशी मास्तरांनी हजेरीपुस्तक माझ्यापुढं केलं. "तुमी घ्या."

मी मोजलं. नऊपर्यंत आले आणि थांबले. दगडामागं अंधार होता. मी टाकीच्या काचेला नाक लावलं. मग दगडाच्या कडेनं आधी एक शेपूट दिसलं, मग सावकाश सगळा मासा बाहेर आला, असा रुबाबात, जणू आमच्यावर उपकार.

"सात, हजर," मी म्हटलं. आणि लिहिलं. खाली सहीही केली, वेलांटी ओळीतच राहिली.

ते दहाही मासे मास्तरांनी ओढ्यात सोडले, नळीच्या तोंडाशीच. "पास झालेल्यांना पुढच्या वर्गात घालावं," म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मास्तरांचे गुडघे गेले. सायकल चालवता येईना, म्हणून लेक येऊन त्यांना पालमला घेऊन गेली. त्या सकाळी घरातून निघताना त्यांनी वाटणी केली. हजेरीपुस्तक मला दिलं, कोट तुझ्या मामांना दिला, तो मामांच्या जाड दंडांना कोपरापर्यंतच चढला. मी रडायला नको म्हणून चांदीला घेऊन ओढ्यावर गेले.

पुलावरून एस. टी. आली आणि मधोमध थांबली. बघते तर मास्तर खाली उतरलेले, एक हात लेकीच्या खांद्यावर, एक कठड्यावर. वाकून पाण्यात बघायलेत आणि ओठ हलायलेत. कंडक्टरनं घंटी मारली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मास्तरांनी हात वर केला.

"थांबा हो! एक राह्यलाय मोजायचा." मग मी दिसले त्यांना. "वहिनी! सात नंबर दिसला का?"

मी गुडघाभर पाण्यात. चांदी शेजारी घटाघटा पाणी पीत होती. पायाला काहीतरी हलकंच हुळहुळून गेलं. मासा होता का गवत, देवाला ठाऊक. पण मी हात वर केला आणि ओरडले, "हजर!"

ते गाडीत चढले. चष्म्याची सुतळी खिडकीबाहेर लोंबत होती, पूल संपेपर्यंत मला दिसत होती.

तर मीनू, ओढा आहे तिथंच आहे. तुझं यंत्र काय म्हणतं ते त्याच्या काठी बसून मला दाखव. मी आपली पाय पाण्यात सोडून बसेन, मध्ये बोलणार नाही. ह्या महिन्यात सुट्टी काढ आणि ये, दोन दिवसांसाठी नको, चांगली आठवडाभर. गव्हाची खोली झाडून ठेवलीय. अनारसे पुन्हा करीन, आणि ताटात अर्धा उरला तर हजेरीपुस्तकात तुझ्या नावापुढं काय लिहायचं ते मला येतं.